निंगव्वाची घोडी

"डाक्टर, आंडील घोडा कुठं हाय वो?"

शनिवारी सकाळी मी दवाखान्याचं कुलूप काढत होतो, तेव्हा पाठीमागून हा प्रश्न आला. वळून पाहिलं तर एक म्हातारी उभी होती. काळी, सुकलेली, डोक्यावर घोंगड्याची खोळ, पायांत टायरच्या वहाणा. हातात दोर, आणि दोराच्या टोकाला तांबूस रंगाची एक बुटकी घोडी. दोघींचेही पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे झाले होते.

आंडील म्हणजे खच्ची न केलेला. मी केळुसकर, मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे घोडा म्हणजे चित्रातला. हा शब्द मी बोरनळला नोकरी लागल्यावरच शिकलो. सांगली जिल्ह्याचा तो अगदी पूर्वेकडचा कोरडा पट्टा. माळाच्या पलीकडे कर्नाटकाची हद्द. साल शहाऐंशी. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि गुरांचा डॉक्टर म्हणून तिथे येऊन मला दोन वर्षं झाली होती.

"घोड्यांना काय तोटा, आज्जी?" मी म्हटलं. "धनगरांच्या प्रत्येक वस्तीवर घोडं आहे."

"घोडी हैत. खच्ची केल्याली हैत. आंडील सांगा."

ड्रेसर दस्तगीर पायरीवर तंबाखू मळत बसला होता. त्यानं म्हातारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि उठून स्टोव्ह पेटवायला आत निघून गेला.

मी घोडीजवळ गेलो. माजावर आलेली जनावरं लपत नाहीत. शेपटी एका बाजूला धरून ती उभी होती. दात पाहिले. तेरा-चौदा वर्षांची असावी. छाती रुंद, पाय आखूड, खूर काळ्या दगडासारखे घट्ट. नाल मारल्याची खूण कुठेच नव्हती.

"कधीपासून माजावर आहे?"

"तीन दिस झालं. म्हणून तर पहाटंच निघाले." म्हातारीनं घोडीच्या मानेवर हात ठेवला. "माज्या लग्नात आईनं शिंगी घोडी दिली हुती. तिची लेक, लेकीची लेक, आन तिची ही साळू. साळूला तीन येळा शिंगरू झालं, तिनी येळा घोडाच. ते इकले. आता चार वर्सं झाली, रिकामीच हाय. घोडाच घावंना."

तिचं नाव निंगव्वा बंडगर. नवरा वारला होता. एक मुलगा इचलकरंजीला मागावर, दुसरा टेम्पोवर. मेंढरं होती चाळीसेक, ती जावेच्या हवाली करून आली होती. हे सगळं तिनं न विचारता सांगितलं नाही. मी एकेक विचारत गेलो आणि ती एकेक शब्दात देत गेली.

"बिराप्पा करेकडे दोन घोडे आहेत," मी म्हटलं. "एक मी खच्ची केलाय. दुसरा तसाच आहे, मी पाहिलाय. तिथून पुढे दोन-तीन वस्त्या आहेत. कुठंतरी मिळेलच."

"संगट येता?" ती म्हणाली. "तुमचं ऐकत्याल."

आज विचार केला तर वाटतं, मी घोडीसाठी गेलोच नव्हतो. दवाखान्यामागे माझी एक खोली होती. खोलीमागे एक बाभूळ, आणि बाभळीमागे माळ सुरू व्हायचा तो संपायचाच नाही. बाजाराचा मंगळवार सोडला तर गाव दुपारी बारालाच मिटायचं. रविवारी खानावळ बंद. रविवारी मी स्वतःशी मोठ्यानं बोलायचो, नुसता आवाज ऐकायला. दुसऱ्या दिवशी रविवारच होता. मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून दस्तगीरकडे दिला, पिशवीत टॉर्च आणि शर्ट टाकला आणि म्हातारीच्या मागोमाग निघालो.

*

निंगव्वा पुढे, मधे घोडी, मागे मी. आषाढ होता, पण त्या भागात आषाढातही ढग नुसते वरून जातात. वारा मात्र सारखा. बोलायचं तर ओरडावं लागायचं, म्हणून आम्ही पहिले दोन तास बोललोच नाही.

बिराप्पाच्या वस्तीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं मला पाहिलं आणि घोंगडं अंथरलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. त्या भागात माझं नाव चांगलं होतं, आणि ते एकाच कामामुळे. कॉलेजात मी कशात पुढे नव्हतो, पण माझा हात चांगला होता. मी खच्ची केलेला घोडा तिसऱ्या दिवशी चरायला लागायचा. जखम कधी चिघळली नाही. तीस-तीस मैलांवरून लोक बाजारच्या दिवशी घोडे घेऊन यायचे.

"ते दुसरं घोडं कुठंय, बिराप्पा? पांढऱ्या पायाचं?"

"हाय की. ते काय चरतंय."

"जरा या आज्जीच्या घोडीला..."

बिराप्पा हसला. "डाक्टर, ते बी तुमच्याच हातचं. पौषातल्या बाजाराला माजा मेव्हणा घिऊन आला हुता. त्येनं त्येचं नाव सांगितलं आसंल, म्हणून तुमच्या ध्यानात न्हाई." तो मला घोड्यापाशी घेऊन गेला, शेपटी वर करून दाखवली. "बघा, कापल्यालं बी दिसत न्हाई. काय गरीब झालंय म्हणता! बाईमाणसानं दोर धरावा. आधी घोडं मरंल म्हणून लोक भ्यायची, ऱ्हाऊ दे म्हणायची. तुमी आला आन भ्या गेलं."

दोन वर्षांत मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. निंगव्वा लांब, घोडीजवळच उभी होती आणि दुसरीकडे पाहत होती.

"तू कशाला केलास पण दुसराही?" मी बिराप्पाला विचारलं.

"आता दोन घोडीवर भागतंय. रस्ता झालाय, लेकाचा टेम्पो हाय. आंडील घोडा ठिवायचा म्हंजी त्येच्यामागं एक मानूस नुसता फिरवायचा. ज्येला पायजे त्येनं ठिवावा."

रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी निघताना निंगव्वानं बिराप्पाला एवढंच विचारलं, "आणखी कुणाकडं?" बिराप्पानं ओढ्यापलीकडे बोट दाखवलं.

*

ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा घोडा मागच्या वर्षी विकला होता. त्याच्या पुढच्या वस्तीवर एक काळा घोडा दुरून दिसला तेव्हा माझी पावलं झपाझप पडायला लागली. जवळ गेल्यावर मीच आधी ओळखलं. त्याच्या उजव्या कानाला चीर होती. वर्षापूर्वी त्याला आडवा पाडताना दोर कानाला काचला होता आणि मी तिथे एक टाका घातला होता. मी निंगव्वाला काही सांगितलं नाही. वस्तीवरच्या बाईनं सांगितलं.

त्या दिवशी दुपारी आम्ही एका बिरोबाच्या देवळाच्या सावलीत बसलो. निंगव्वानं भाकरी काढली, चटणी काढली, मला अर्धी दिली. घोडी उन्हातच उभी राहून वाळक्या काटेरी झुडपाचे शेंडे खात होती.

"हे खाते ही?"

"काय बी खाती. गवात न्हाई घावलं तर कुपाटीचं काटं खाती. धा कोस चालून पाण्याला तोंड लावत न्हाई, आधी घाम वाळू देती. शिकवाय लागत न्हाई. हिच्या आईला बी शिकवलं न्हवतं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला पुस्तकातलं सांगायला लागलो. पूर्वी, फार फार पूर्वी, घोडा कुत्र्याएवढा होता. त्याला पुढच्या पायाला चार बोटं होती. मग तो जंगलातून माळावर आला, पळायला लागला, चालायला लागला, आणि बोटं कमी कमी होत गेली. आता उरलंय ते एकच, मधलं. खूर म्हणजे त्या बोटाचं नख.

निंगव्वानं घास हातात तसाच धरला. "म्हंजी घोडं एका बोटावर चालतंय?"

"चारी पायांची चार बोटं."

ती उठली, घोडीजवळ गेली, पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि खूर निरखून पाहिला. बराच वेळ. मग पाय हळूच खाली ठेवला.

"आमी चालीवतो म्हणून आशी झाली, आसं म्हणता?"

"तुम्ही म्हणजे... धनगर नव्हे. लाखो वर्षांपूर्वी. माणूस नव्हता तेव्हा."

"तवा न्हवता. पर ही तर आमी चालीवल्याली." ती परत येऊन बसली. "कोकणात उतरायचं, परत वर यायचं. दर साली. जी घाटात बसली ती तितंच ऱ्हायली. जी चढली तिला शिंगरू झालं. माजी आई म्हणायची, आपुन घोडी पाळत न्हाई, घाट पाळतोय."

मी तीन वर्षं घोकून पास झालेला पैदाशीचा विषय तिनं भाकरी खाता खाता मला समजावून सांगितला होता. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी घड्याळ पाहत होतो.

संध्याकाळच्या सुमाराला दादासाहेब माने यांच्या मळ्यावर गेलो. ही माझी कल्पना. त्यांच्याकडे वरातीसाठी ठेवलेला मारवाडी घोडा होता, दुधासारखा पांढरा, मोराच्या मानेचा, माझ्या डोक्यापेक्षा उंच. आणि आंडील. दादासाहेब मोकळ्या मनाचे होते. म्हणाले, "डॉक्टर घेऊन आलेत म्हटल्यावर नाही कसं म्हणू? लावा."

निंगव्वानं घोड्याभोवती एक फेरी मारली. त्याच्या पायांकडे पाहिलं, खुरांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

"अहो आज्जी, दोन दिवस आपण काय शोधतोय? हा जातिवंत घोडा आहे."

"हाय की. लई देखणा हाय." दादासाहेबांना वाईट वाटू नये म्हणून ती त्यांच्याकडे पाहून बोलली. "पर आमची घोडी केवढी, ह्यो केवढा. शिंगरू पोटात आडलं तर घोडी जाईल. आन झालं तरी त्येचं पाय आसं लांब हुणार. त्येला दाणा लागंल, नाल लागंल. दोन पावसाळ्यात माज्या दारात मरंल त्ये. वरातीला चांगलं, वज्याला न्हाई."

मळ्याबाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "घोडा तो घोडा. आता तुम्हाला हवा तसा कुठून आणू?"

"तुमी कशाला आणताय," ती म्हणाली. "मीच हुडकतीया."

आम्ही पुढे निघालो. वारा पडला होता. घोडीच्या खुरांचा आवाज तेवढा येत होता. मग तिनंच विचारलं, मागे न पाहता, "लगीन झालंय?"

"नाही."

"घरात कोन?"

"बहीण आहे. तिचं लग्न झालंय. आई-वडील नाहीत."

"मग तुमी बी एकलंच," ती म्हणाली. तिच्या आवाजात कीव नव्हती. मेंढरं मोजताना आकडा सांगावा तसं ते आलं.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मायाप्पा गडदेच्या वस्तीवर घोडा मिळाला.

अडीच वर्षांचा, काळा, कपाळावर पांढरा ठिपका. बुटका, रुंद छातीचा, साळूच्याच घडणीचा. दोन खुंट्यांना दोन दोरांनी बांधला होता आणि दोन्ही दोर ताणून उभा होता. तो आंडील होता हे पाहायला वाकावं लागत नव्हतं.

"बरं झालं आलात डाक्टर," मायाप्पा म्हणाला. "उद्याच्या बाजाराला तुमच्याकडंच आणणार हुतो. सुनंच्या खांद्याला चावलंय बेणं. हितंच उरका."

"आधी या घोडीला दाखव."

त्यानं मान डोलावली. निंगव्वानं डोईवरची खोळ काढून बाजूला ठेवली. तीन दिवसांत मी तिला पहिल्यांदा घाई करताना पाहिलं. तिनं घोडीची शेपटी धडप्यानं बांधली, दोर आखूड धरला आणि घोडीला मोकळ्या जागेत आणून उभी केली. मायाप्पानं घोडा सोडला.

साळूनं कान पाठीमागे पाडले. घोडा जवळ येताच तिनं किंचाळून दोन्ही मागचे पाय झाडले. घोडा बाजूला झाला, पुन्हा आला. तिनं पुन्हा लाथ मारली, या वेळी त्याच्या छातीवर. तिसऱ्या वेळी मायाप्पानंच घोडा ओढून धरला.

निंगव्वानं घोडीच्या पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"उतरली," ती म्हणाली. "काल राच्चीच उतरली आसंल."

माज गेला होता. एक दिवस आधी आलो असतो तर. बिराप्पाकडे मुक्काम केला नसता तर. दादासाहेबांच्या मळ्याकडे वाट वाकडी केली नसती तर. हे माझं मनातल्या मनात चाललं होतं. तिनं यातलं काही म्हटलं नाही. तिनं शेपटीचा धडपा सोडला आणि घडी करून कमरेला खोचला.

"पंधराव्या दिशी परत माजावर येती ही," ती म्हणाली.

मी मायाप्पाला बाजूला घेतलं. सांगितलं, तीन आठवडे थांब. तो कुरकुरला. घोडं दोर तोडतंय, शेजारच्या वस्तीवर भांडणं होतायत, घरात लहान पोरं आहेत. मी म्हटलं, तीनच आठवडे. या बाजूला असा दुसरा नाही.

"तुमी म्हणताय म्हणून," तो म्हणाला. "पर त्येनंतर लगीच करायचा. काय?"

"त्यानंतर मी स्वतः येईन."

निंगव्वानं ते ऐकलं. "एकदा लागला म्हंजी मला बास," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही परत निघालो. बोरनळच्या फाट्यावर तिची वाट उजवीकडे फुटत होती. "पंधराव्या दिशी मी तुमच्याकडं येते," तिनं सांगितलं. "मग संगट जाऊ." आणि ती गेली. मी फाट्यावर उभा राहून पाहत होतो. तिनं मागे वळून पाहिलं नाही; घोडीनं एकदा पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यातलं शस्त्रक्रियांचं रजिस्टर काढलं. मला अकरा-बारा घोडे आठवत होते. एकतीस निघाले.

*

पुढच्या सोमवारी हुकूम आला. जिल्ह्याच्या पश्चिमेला गुरांत लाळ्या-खुरकताची साथ होती आणि लसीकरणासाठी मला आठ दिवस तिकडे जायचं होतं. बाजारच्या मंगळवारी शेजारच्या तालुक्यातले एक डॉक्टर माझ्या जागी बसणार होते. वयानं मोठे, पंचवीस वर्षं नोकरी झालेले.

मी त्यांच्यासाठी कागद लिहून ठेवला. शाळामास्तरांच्या गाईची कास सुजली आहे, अमुक औषध चालू आहे. फ्रीजच्या दाराला दगड लावून ठेवावा लागतो. सर्पदंशाचं इंजेक्शन वरच्या खणात. मग मी लिहिलं, 'मायाप्पा गडदे यांचा घोडा...' आणि थांबलो.

काय लिहिणार होतो? एका म्हातारीच्या घोडीसाठी तो ठेवायचा आहे? पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस हे वाचून काय म्हणेल? घोड्यांच्या पैदाशीचं काम आमच्याकडे नव्हतंच. खच्ची करणं हे काम होतं. शिवाय मायाप्पानं मला शब्द दिला होता. मी ती ओळ खोडली. इतकी नीट खोडली की अक्षर दिसू नये. दस्तगीरलाही काही बोललो नाही.

आठ दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी परत आलो. मंगळवारी सकाळी टेबलाशी बसलो आणि सवयीनं रजिस्टर उघडलं. मागच्या मंगळवारच्या पानावर दुसऱ्याच्या वळणदार अक्षरात एकच शस्त्रक्रिया होती. घोडा, काळा, अडीच वर्षं, कपाळावर ठिपका.

मी दस्तगीरला हाक मारली.

"सुनंचा हात मोडला त्यानं," दस्तगीर म्हणाला. "मायाप्पा तुमास्नीच इचारत आला हुता. लई येळ बसला. मग त्या डाक्टरांनी इचारलं, केळुसकरांनी काय लिहून ठेवलंय का ह्या घोड्याबद्दल? म्या कागद बघितला. म्हनलं, न्हाई." त्यानं उघड्या रजिस्टरकडे पाहिलं. "काय हुतं का साहेब?"

"नाही."

दहाच्या सुमाराला निंगव्वा आली. तो सोळावा दिवस होता. बाजारची गर्दी होती, दारात म्हशी होत्या, शेळ्या होत्या. ती रांगेत न घुसता बाभळीखाली घोडी धरून उभी राहिली. घोडीची शेपटी एका बाजूला होती. मी बाहेर आलो.

"कालधरनं आलीया," ती म्हणाली. "निघायचं?"

मी सांगितलं. घोड्याचं सांगितलं, सुनेच्या हाताचं सांगितलं. कागदाचं सांगितलं नाही.

"तुमी केला?"

"नाही. मी नव्हतो. दुसऱ्या डॉक्टरांनी केला." हे मी असं म्हटलं, की जणू त्यानं काही फरक पडत होता.

ती खाली बसली. घोडी तिच्या अंगावरून मान पुढे घालून बाजाराकडे पाहत होती. मला वाटलं ती रडेल, किंवा काहीतरी बोलेल. ते मला बरं वाटलं असतं. तिनं वहाणेतला खडा काढून टाकला आणि वर पाहिलं.

"मग आणखी कुठला सोडलाय तुमी?"

"सोडलाय म्हणजे?"

"करायचा ऱ्हायलाय आसा." मला समजत नाही हे पाहून तिनं सावकाश सांगितलं. "ह्या कडंचं समदं घोडं तुमीच केलंत न्हवं? मग कुठला केला न्हाई, त्ये बी तुमालाच ठावं आसणार. म्हणून तर पयल्या दिशी तुमच्या दारात आले. न्हाईतर घोड्याचा पत्ता इचाराय डाक्टरकडं कोन येतंय?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शिंप्याला उरलेल्या तुकड्याबद्दल विचारावं, तसं ती विचारत होती. बिराप्पाच्या वस्तीवर, कान चिरलेल्या घोड्यापाशी, मायाप्पाच्या दारात, ती सगळं माहीत असून माझ्याबरोबर चालली होती. मला शाबासकी मिळत होती तेव्हा तिनं मान वळवली होती ती मला लाज वाटू नये म्हणून.

मला केलेले एकतीस माहीत होते. तारखेसकट. राहिलेले किती, कुठे, कोणाकडे, हे मी कधी मोजलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणीही मोजलं नव्हतं.

"नाही, आज्जी," मी म्हटलं. "मला माहीत नाही."

"बरं."

ती उठली. दस्तगीरनं बादलीभर पाणी आणून ठेवलं होतं, घोडीनं तोंड लावलं नाही. निंगव्वानं खोळ सारखी केली आणि दोर हातात घेऊन चालायला लागली. पण उजवीकडे, घराच्या वाटेला नाही. ती उत्तरेच्या रस्त्याला लागली.

"आज्जी," मी मागून ओरडलो, "तिकडं कुठं?"

"घोडी आजून चार दिस माजावर हाय," ती म्हणाली. थांबली नाही.

तिकडच्या वस्त्या मला माहीत नव्हत्या. तिलाही नसाव्यात. बाजार ओलांडून ती पुढे गेली, मग चढावर दिसली, मग नुसती घोडी दिसली, मग तीही दिसेना. आत कुणीतरी म्हैस आणली होती आणि दस्तगीर मला हाका मारत होता.

त्यानंतर मी बोरनळला आणखी तीन वर्षं होतो. निंगव्वा पुन्हा दवाखान्यात आली नाही. ती त्या चार दिवसांत कुठवर गेली, साळूला घोडा मिळाला की नाही, मला कधी कळलं नाही. तिच्या गावाकडचा कुणी बाजारात दिसला की विचारावंसं वाटायचं. मी विचारलं नाही.

त्या मंगळवारी माझी नऊ दिवसांची रजा शिल्लक होती. मी आत गेलो आणि म्हैस तपासली.